चोवीस हँडलं

“पण हे दुखणं जाईल का नाही, बाबा? तेवढं सांगा.”

कुमुद सिस्टरनी हे तिसऱ्यांदा विचारलं. एक हात कमरेवर होता. दुसऱ्या हाताने फकिराच्या पाठीखालची चादर ओढणं चालूच होतं.

लतीफशा फकीर दर्ग्याच्या पायरीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडून घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या हाडांच्या वॉर्डात आले, त्याला एकोणीस दिवस झाले होते. तेवढ्या दिवसांत त्यांच्या पलंगाशी गर्दी व्हायला लागली होती. कुणाला मुलीच्या लग्नाचं विचारायचं असे, कुणाला हरवलेल्या म्हशीचं. कुमुद सिस्टरनी त्या सगळ्यांना दोनदा हाकलून दिलं होतं. “हा वॉर्ड आहे, दरबार नाही,” असं खुद्द फकिरालाही सुनावलं होतं.

आणि आज सकाळी त्या स्वतःच विचारत होत्या. गरज पडली की माणूस कसा गुमान रांगेत उभा राहतो!

काल डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून स्पष्ट सांगितलं होतं, “सिस्टर, मणके झिजलेत. वॉर्ड सोडा. ओपीडीत केसपेपरच्या टेबलावर बसा. उद्या राउंडला काय ते सांगा.”

बावीस वर्षं ज्या वॉर्डात घालवली, तो सोडायचा. राउंडला आता दोन तास उरले होते.

“जाईल की नाही, ते मला ठाऊक नाही,” लतीफशा म्हणाले. “कमरेवर ओझं आहे ना, ते काढ.”

सिस्टरनी लगेच कमरेचा जाड पट्टा सोडला.

“तो राहू दे, बेटी. त्या.”

फकिराचं बोट त्यांच्या कमरेला लटकणाऱ्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे होतं.

कुमुद सिस्टरचा पारा चढला. तो जुडगा म्हणजे त्यांचा मान होता. एवढा चोख वॉर्ड जिल्ह्यात दुसरा नाही, असं मेट्रनबाई चारचौघांत सांगायच्या.

“किल्ल्या मी कुणाच्या हातात देत नाही.”

“मग नको देऊस.”

लतीफशांनी डोळे मिटून घेतले.

सिस्टर तणतणत दोन पलंग पुढे गेल्या... थांबल्या... परत आल्या. जुडगा फकिराच्या तळहातावर ठेवला.

फकिराने डोळे न उघडताच एकेक किल्ली चाचपली. ही गुळगुळीत होती, ही पण. एकीवर बोट थांबलं. ती खरबरीत होती, फारशी न वापरलेली.

“ही कशाची?”

“स्टीलच्या कपाटाची.”

“आत काय?”

“हँडलं. हे पलंग वर-खाली करायची. चोवीस पलंग, चोवीस हँडलं.”

“मग ती कपाटात कशाला?”

“तीन वर्षांपूर्वी दोन गेली होती चोरीला. केवढी चौकशी! मला लेखी उत्तर द्यावं लागलं. नवी आली, तेव्हापासून सगळी डोळ्यांत तेल घालून सांभाळलीत. एकसुद्धा हरवू दिलं नाही!”

शेवटचं वाक्य बोलताना त्यांची मान ताठ झाली.

“शाबास,” लतीफशा म्हणाले. “आणि सिस्टर किती हरवल्या?”

“म्हणजे?”

“ह्याच तीन वर्षांत.”

कुमुद सिस्टर बोटांवर मोजू लागल्या.

ललिता. मणक्याचं ऑपरेशन झालं, अजून रजेवर आहे. शबनम. पंचविशीतली पोर, नोकरीच सोडून गेली. जाधव सिस्टरनी हातापाया पडून रक्तपेढीत बदली मागून घेतली. सगळ्या ह्याच गुडघ्याएवढ्या पलंगांवर दिवसभर ओणव्या होऊन पेशंट पुसत, फिरवत, भरवत होत्या...

“तीन,” त्या म्हणाल्या. मग स्वतःच्या कमरेला हात लावून, “माझ्यासकट चार.”

फकिराने जुडगा परत दिला.

सिस्टरनी कपाट उघडलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, तेल लावलेली हँडलं जशीच्या तशी होती. कुमुद सिस्टरना स्वतःची लाज वाटली. लाजेपाठोपाठ स्वतःचंच हसू आलं. दोन्ही हातांत मावतील तेवढी हँडलं घेऊन त्या तरातरा फकिराकडे आल्या.

“माझा पलंग शेवटी,” लतीफशा म्हणाले. “फकिराला कसली आलीय घाई?”

मग वॉर्डात एकच धमाल उडाली. पहिल्या पलंगाने असा कर्कश सूर लावला की शेजारचा पेशंट दचकून देवाचं नाव घेऊ लागला. दुसरा वर आला, तिसरा वर आला. शिकाऊ सिस्टर धावल्या, नातेवाईक हँडलं फिरवायला लागले. पाचव्या पलंगावरचे म्हातारे ओरडले, “सिस्टर, मला एसटी स्टँड दिसायला लागलं हो!” सगळा वॉर्ड हसला. प्लॅस्टरातल्या माणसांनी जमेल त्या हाताने टाळ्या वाजवल्या.

कुमुद सिस्टरनी ताठ उभं राहून ओळीने नऊ पलंगांच्या चादरी बदलल्या. दुखणं काही गेलं नव्हतं. पण रोज चौथ्या पलंगाशी उठणारी कळ आज नवव्यालाही उठली नाही. त्यांना गाणं म्हणावंसं वाटलं.

डॉक्टर राउंडला आले आणि दारातच थबकले. पहिल्या पेशंटला तपासायला सवयीने वाकायला गेले, तर वाकावंच लागलं नाही. “अरे वा!” ते म्हणाले. “सिस्टर, तुमचं काय ठरलं?”

“टेबलावर दुसरं कुणी बघा, सर. महिनाभराने मला तपासा, मग बोला. आणि ललिताला मी आज फोन करणार आहे. तिची कंबर सांभाळणारा वॉर्ड तयार आहे म्हणून.”

डॉक्टर हसले. त्यांनी मान डोलावली.

कपाटाची किल्ली सिस्टरनी जुडग्यातून काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. मग लढाई जिंकून आल्यासारख्या त्या भरल्या डोळ्यांनी लतीफशांच्या पलंगाशी आल्या. अख्ख्या वॉर्डात तेवढा एकच पलंग अजून खाली होता.

काय बोलावं ते त्यांना सुचेना... त्या खाली वाकल्या आणि फकिराच्या धडक्या पायाकडे हात नेला.

लतीफशांनी पाय आखडून घेतला.

“थांब, बेटी. आधी पलंग वर घे.”