विहिरीला मिळालेला पहिला शब्द

एका डोंगराखालच्या वस्तीत केरसुण्या बांधणारी एक बाई होती. शिंदीची पाती मुठीत धरायची, दोरीचं टोक दातांत आवळायचं आणि गच्च वेढे द्यायचे, हे तिचं दिवसभराचं काम. तेव्हा तोंड बंद ते बंदच. अडीच वर्षांची लेक शेजारी बसलेली असायची. तीही गप्प.

"अगं, लेकीशी बोलत जा की," शेजारीण म्हणायची.

"आमी अडाणी मान्सं. आमच्या बोलन्यातनं तिला काय येनार? साळंत गेली की मास्तर शिकवतील." एवढ्यापुरती बाई दोरी तोंडातून काढायची, की पुन्हा दातांत.

घरामागे एक कोरडी विहीर होती. एका टळटळीत दुपारी बाईच्या कानांवर बोलणं आलं. घरात तर कोणीच नव्हतं, शेजारची लेकही जागेवर नव्हती. ती दोरी दातांत धरूनच मागे गेली आणि जागच्या जागी थिजली.

पोर कठड्यावर ओणवी झाली होती आणि विहीर तिच्याशी बोलत होती. "ही पाती. ही दोरी. ये बाय, फुडचं सांगते." आवाज हुबेहूब बाईचा! तिने दातांखाली दाबलेले सगळे बोल जणू तिथेच जाऊन साचले होते.

पोर हसली. आत वाकून म्हणाली, "आई!"

तिच्या तोंडचा पहिला शब्द, आणि तो विहिरीला मिळाला. धावावं, तर पोर दचकून आत पडेल. बाईने दोरी थुंकून टाकली.

"बाय माजी, हिकडं बग. ही पाती डोंगरावनं आनली. लई टोचत्यात. काल तुला टोचलं, तू रडलीस, आठवतं का?"

"ये," विहीर म्हणाली.

पोर एकदा खाली बघे, एकदा मागे. बाई सुचेल ते बोलत राहिली. सुचेना, तेव्हा पायाजवळच्या मुंग्यांचं सांगू लागली. "बग कशी रांग लावलीय. कुनाच्या लग्नाला निगाल्यात गं?"

पोर हळूच कठड्यावरून उतरली. "मुंगी?" तिने विचारलं. बाईने तिला उराशी धरलं आणि रडत रडत "व्हय, मुंगी" म्हणाली.

त्या दिवसापासून बाई दोरी पायाच्या अंगठ्याला बांधते. दिवसाकाठी दोन केरसुण्या कमी होतात, पण मायलेकींची बडबड थांबत नाही. विहिरीवर वस्तीने फळ्या ठोकल्या आहेत. तरीही भर दुपारी बाई जरा गप्प झाली, की फळ्यांखाली कोणीतरी घसा खाकरतं.

तात्पर्य: लेकराला भाकरीइतकीच घरच्या बोलण्याची भूक असते. ते बोलणं गरिबाघरीही असतं, तोंड तेवढं उघडावं लागतं.