धुळबाची दहा मिनिटं

एका गावात एक भोळा पैलवान होता, धुळबा. अंगानं दांडगा, पण कुणी काही सांगितलं की शब्दन् शब्द पाळायचा. गावात बारा वर्षं जत्रेतल्या कुस्तीची गदा आली नव्हती. "यंदा धुळब्यानं गदा आणली नाही, तर मिशी उतरवीन!" असं आबाजी वस्ताद भर चावडीत बोलून बसले होते. आणि मिशी म्हणजे वस्तादांचा जीव की प्राण.

नेमकी जत्रेआधी धुळबाच्या उजव्या हाताची नस आखडली. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी हाताला पट्ट्या लावून बारीकसा करंट सोडला. बोटं आपोआप नाचायला लागली.

"आरं तिच्या! मी न्हाई हलवली, मग हलवतंय कोण?"

"नस जागी केली की स्नायू कामाला लागतो," बाई म्हणाल्या. "पण सलग जुंपला तर दमतो, जोर उतरतो. म्हणून दहा मिनिटं काम, मग उताणं पडून विश्रांती."

"बरं बाई."

धुळबानं गजराचं घड्याळच कमरेला बांधलं.

दुसऱ्या दिवशी तो बाळूकाकांचं ज्वारीचं पोतं माळ्यावर चढवत होता. घड्याळ खणखणलं. धुळबानं पोतं सोडलं आणि उताणा झाला. पोतं काकांच्या पायावर.

आई कडाडली, "मेल्या, ओझं नीट खाली ठेवल्याशिवाय सोडायचं नाही!"

"बरं आई."

तिसऱ्या दिवशी म्हैस उधळली. म्हैस काही उचलून खाली ठेवता येईना, म्हणून धुळबा दावं सोडेना. तळ्यापर्यंत फरफटत गेला.

वस्ताद म्हणाले, "अरे शहाण्या, सुटायला धडपडणाऱ्याला सोडून द्यावं!"

"बरं वस्ताद."

जत्रेपर्यंत हात खडखडीत बरा झाला. घड्याळ आईकडे देऊन धुळबा आखाड्यात उतरला. बघता बघता त्यानं समोरच्या मल्लाला डोक्यावर उचललं.

"आपट, धुळब्या, आपट!" वस्ताद मिशीला पीळ देत ओरडले.

धुळबानं मल्लाला अलगद, नीट पायांवर उभं केलं. मल्ल सुटायला धडपडला. धुळबानं सोडून दिलं. तेवढ्यात आईच्या पिशवीत घड्याळ खणखणलं. धुळबा आखाड्याच्या मधोमध उताणा झाला. पाठ मातीला लागली, गदा गेली.

"अरे, काय केलंस हे?"

"इसावा, वस्ताद. बाईंनी बजावलंय."

वस्ताद मुकाट्यानं न्हाव्यापुढं बसले. डोळ्यांत पाणी आलं होतं. न्हाव्यालाही वाईट वाटत होतं, म्हणून तो एकेक केस जपून काढत होता. धुळबाला तर फारच वाईट वाटलं. आता तरी काही चुकू नये म्हणून तो घड्याळ घेऊन शेजारी उभा राहिला.

अर्धी मिशी उतरली आणि घड्याळ खणखणलं.

धुळबानं वस्तरा काढून घेतला, न्हाव्याला उचलून ओट्यावर उताणं निजवलं आणि अर्ध्या मिशीच्या वस्तादांना म्हणाला, "घाई करू नका, वस्ताद. त्याचा हात दमलाय. तोवर चला, जत्रा फिरून येऊ!"