चैत्र अवसेचं अळणी जेवण

चैत्र अमावास्येला आमच्या उघाडपाड्यात कोणाच्याही जेवणात मीठ पडत नाही. आणि गाव कसलं, तर मिठागरांचं! बाहेर पांढऱ्याशुभ्र राशी आणि घरात डाळ अळणी. यंदा शेजारच्या मंदाकडे त्याच दिवशी व्याही आले. ओटीवर पंगत बसलेली, पहिल्याच घासाला पाहुण्यांची तोंडं बघून मी कुंपणावरूनच विचारलं, "मंदे, सांगितलंस की नाही यांना?"

"वैनी, तुम्हीच सांगा. नाहीतरी सांगितल्याशिवाय राहणार थोड्याच!"

मग जाऊन बसले आणि सांगितलं. तेच इथे लिहिते.

फार मागची गोष्ट आहे म्हणे. खाडीचं पाणी आगरात घ्यायचं जे दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. नवरा गेल्यावर ती राखायचं काम गोमीबायकडे आलं. बांधाची डागडुजी मात्र घराघराच्या पाळीने. खेकडे बांधाला भोकं पाडतात, ती चिखलाने बुजवायची. त्या चैत्रात गावात सात लग्नं होती आणि पाळी कोणीच केली नाही. गोमीबाय चार दिवस दारोदार सांगत फिरली, "कुरल्यांनी बांध पोखरलाय रे, उधाण येतंय."

"गोमे, आधी हळदीला ये. कुरल्यांचं मग बघू," असं म्हणून लोक हसले.

चतुर्दशीच्या दुपारी उधाणाने बांध फुटला. वर्षभराचं मीठ तासाभरात पाण्यात गेलं. चुकले होते सगळेच, म्हणून सगळेच म्हणाले, उघाडी गोमीनेच उघडी टाकली.

दुसऱ्या दिवशी, अमावास्येला, पंच बसले. आमच्याकडे तेव्हा न्याय असा होता, की संशय असेल त्याच्या मुठीत खडेमीठ द्यायचं. पंचांचा विडा चघळून होईपर्यंत मूठ मिटलेली ठेवायची. खडे कोरडे निघाले तर माणूस खरा. त्या दिवशी वारा समुद्रावरून होता. असल्या वाऱ्यात मिठाला पाणी सुटतं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. गोमीबायने मूठ उघडली, तर बोटांतून पाणी ओघळलं.

ती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली, असं सांगतात. मग घरातलं एक मडकं उचलून खाडीपलीकडच्या गावात निघून गेली.

बांध पुन्हा बांधायला घेतला, तेव्हा फुटल्या जागेच्या दोन्ही अंगांना खेकड्यांची भोकंच भोकं दिसली. उघाडी होती तशीच बंद होती. वर्षभर गाव एकमेकांची नजर चुकवत राहिलं. पुढच्या चैत्र अमावास्येला पाचही पंच पलीकडे गेले आणि तिच्या दारात उभे राहून म्हणाले, "बाय, चुकलो. घरी चल."

तिने आधी पाय धुवायला पाणी दिलं. पानं मांडली, भात वाढला, माशाचं कालवण वाढलं. कशातच मीठ नव्हतं. ती म्हणाली, "तुमच्या गावचं मीठ मी घरात आणत नाही. जेवा." मग समोर बसून तिने एवढंच विचारलं, "माझी मूठ ओली झाली, तेव्हा वारा कुठला होता, ते तुम्हांला ठाऊक नव्हतं का?"

पंच खाली मान घालून जेवले. पान कोणी टाकलं नाही. ती काही परत आली नाही.

पंचांची नावं गावात कोणी घेत नाही. पाहुण्यांना मी सांगितलं, इथेही लिहिते: विडा चघळत बसलेला तो म्होरक्या पंच आमच्याच घरातला. लग्न होऊन आले तेव्हा हे मला सासूबाईंनी सांगितलं, तेही पदराआड तोंड लपवून.

आजही त्या दिवशी सकाळी गावातलं एक माणूस खाडी ओलांडून गोमीबायच्या वंशजांना जेवायला बोलवायला जातं. यंदा पाळी आमची होती. हे जाऊन आले, चप्पल काढून ओटीवर बसले.

मी विचारलं, "येतात का?"

"चहा दिला, पोराबाळांची चौकशी केली," हे म्हणाले. "आणि म्हणाले, पुढच्या वर्षी या बोलवायला."