बोरजाईच्या खिंडीत घोंगडी का सोडतात

थांबा पावणं. आधी त्या जॅकेटची चेन खाली घ्या आणि खिशातले हात बाहेर काढा. रागावू नका, मीसुद्धा माझी घोंगडी सोडूनच उभा आहे की! वारा झोंबतोय, कळतंय मला. या चौथऱ्यापाशी आलं की पाटलाच्या घरातला माणूस आधी आपली छाती उघडी करतो, मग येणारा. त्यानंतर खुशाल खाली बाजाराला जा. खांद्यावर कुऱ्हाड असू द्या, हातात कोयता असू द्या, कोणी हटकणार नाही. झाकलेलं मात्र काही चालत नाही. झडती आम्ही घेत नाही, कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. हा नेम कसा पडला ते सांगतो. बसा, पण चौथऱ्यावर नको, इथं खाली बसा. त्याच्यावर कोणी बसत नाही.

फार जुनी गोष्ट आहे. खिंडीच्या अलीकडं वरची वाडी, पलीकडं खालची. कुरणावरून दोन्ही वाड्यांचं वाकडं आलेलं. थंडीत सगळेच घोंगडी पांघरून हिंडणार, हात आत. कुणाच्या हातात तंबाखू आणि कुणाच्या हातात सुरा, ओळखायचं कसं? बाजारात उभ्या उभ्या माणसं पडायची म्हणे. बायका नवऱ्याला मीठ आणायला पाठवायच्या आणि तो परत येईस्तोवर चुलीपुढं बसून राहायच्या.

खालच्या वाडीचा पाटील रखमाजी. आमचाच मूळपुरुष तो, लपवून काय करायचं! त्याचा धाकटा भाऊ सुभाना असाच बाजारात गेला. एक अनोळखी माणूस घोंगडीला गाठ मारून जवळ आला. सुभानानं विचारलं, "आत काय रे?" तो म्हणाला, "गारठलेलं कोकरू हाय." सुभाना बघायला वाकला, आणि सुरा पोटात गेला.

रखमाजी वेड्यासारखा झाला. तेराव्याचं उरकलं आणि त्यानं दोन्ही वाड्यांना खिंडीत बोलावलं. बोरजाई देवीपुढं भंडारा उधळून सगळ्यांकडून आण घेतली. हत्यार आणायचं तर उघडं आणायचं. खिंडीत घोंगडी सोडून दाखवायची. जो सोडणार नाही त्याचं काही ऐकून घ्यायचं नाही, जागेवर तोडायचा. लोक इतके पिचले होते की सगळ्यांनी हो म्हटलं. आणि खरं सांगू, नेम लागू पडला. बाजारात पुन्हा हसण्याखिदळण्याचा आवाज यायला लागला.

मग पौषातली थंडी पडली. वरच्या माळावर धुळा म्हणून मेंढपाळ होता, त्याची बायको ठकू. लेकरं व्हायची आणि जायची. अंगणात पुरायला जागा उरली नाही, असं ठकू म्हणायची. शेवटी एक पोरगी जगली, रांगायला लागली. तीसुद्धा त्या थंडीत आजारली. दूध घेईना, रडेना, हातपाय निळे पडले. लहान पोरांचं औषधपाणी करणारी सुईण होती ती खालच्या वाडीत, खिंड ओलांडून.

मेंढपाळाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कोकरू गारठलं की त्याला उघड्या छातीला लावायचं, वरून घोंगडी आवळायची, गाठ मारायची. अंग तापेपर्यंत ती गाठ सोडायची नाही. मध्ये एकदा जरी वारा शिरला, तर कोकरू गेलंच. धुळानं पोरीला तसंच बांधलं. डोकं लटपटत होतं म्हणून उजवा हात आत घालून धरलं. ठकूनं स्वतः गाठ आवळली आणि सांगितलं, "काय बी झालं तरी सोडू नगा." मग तो पुढं पळत सुटला, आणि ती मागून.

दिवस उतरणीला लागलेला, बाजाराचा दिवस, खिंडीत गर्दी. या इथं रखमाजी कुऱ्हाड घेऊन उभा. त्याला काय दिसलं? वरच्या वाडीकडचा माणूस, घोंगडीला गाठ, उजवा हात आत, आणि पळत येतोय.

"घोंगडी सोड!"

"सोडता येत न्हाई पाटील. पोर हाय आत. वारा लागंल."

पोर! सुभानाला सांगितलं होतं कोकरू. रखमाजीचं डोकं फिरलं. "सोड म्हणतो ना!"

"पाया पडतो तुमच्या, सुईणीपतुर जाऊ द्या. तिथं सोडतो. संगट चला पायजे तर."

बिचारा खरं तेच बोलत होता, आणि खोटं बोलणारा जे बोलला असता तेही हेच होतं. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. पोरीला वारा लागू नये म्हणून धुळा पाठ फिरवून खाली वाकला. रखमाजीला वाटलं, सुरा काढतोय. त्यानं कुऱ्हाड घातली.

असं सांगतात की धुळा तोंडावर पडला नाही. गुडघ्यांवर बसला, मग हळूच कुशीवर झाला, दोन्ही हात छातीशी. तो पडला ती ही चौथऱ्याची जागा. लोक "मारला, मारला" करत जवळ आले, आणि घोंगडीच्या आतून पोरीचा कण्हल्यासारखा बारीक आवाज आला. देवा! नुसती कल्पना करा त्या आवाजाची. रखमाजीच्या हातातली कुऱ्हाड गळाली. तो गाठ सोडायला धावला.

"हात लावू नकोस!"

ठकू पोचली होती. पाटलाला अरे-तुरे करायची कुणाची छाती नव्हती तेव्हा, पण तिला कुठलं भान? ती नवऱ्याच्या अंगावर पडली नाही. गाठीच्या फटीतून बोटं आत घातली, त्याच्या छातीला लावली. "ऊब हाय अजून," म्हणाली. "थोडीच हाय." तिचं स्वतःचं अंग पळून पळून घामानं भिजलेलं आणि वाऱ्यानं बर्फ झालेलं. तिनं रखमाजीकडं बघितलं.

"तुझी घोंगडी सोड. तुझी छाती दे."

रखमाजी हलेना. लोकांना कळेना की हा आता कसला विचार करतोय. "अरं सोड की मुडद्या, पोर मरतंय माझं!" ती ओरडली आणि तिनंच त्याची घोंगडी ओढली. आत कमरेला सुरा होता.

ज्यानं आण घातली त्याच्याच अंगावर झाकलेला सुरा! भावाच्या मरणापासून भीतीपोटी बाळगत होता म्हणे, झोपतानाही. लोकांचे हात कुऱ्हाडींवर गेले. नेमच तसा होता, ऐकून घ्यायचं नाही. रखमाजीनंसुद्धा मान खाली घातली. ठकू आडवी आली. "ह्याला तोडला तर माझ्या पोरीला ऊब कोण देणार? घोंगड्या सोडून तुम्ही समदे गारठलायसा, ह्यानं सोडलीच न्हाई. ह्यो उबदार हाय."

तिनं सुरा फेकून दिला, पोरीला नवऱ्याच्या छातीवरून उचललं आणि त्याच्या मारेकऱ्याच्या छातीला लावलं. स्वतःच्या हातानं गाठ मारली. "पळ," म्हणाली. रखमाजी पळाला. ती मागं राहिली, धुळाचं डोकं मांडीवर घेऊन.

पोरगी वाचली. रखमाजी तिला घेऊन परत आला आणि ठकूपुढं बसला, म्हणाला, मला तोड. ती म्हणाली, "तोडून माझा माणूस येणार हाय का? तू हितं उभा ऱ्हा. आधी तू उघडा हो, मग दुसऱ्याला सांग. आणि कुणी म्हणालं आत पोर हाय, तर गाठ सोडायला लावू नकोस." तो हिवाळा रखमाजीनं इथं उघड्या छातीनं काढला आणि थंडी भरून त्यातच गेला.

तर पावणं, नेमाचा हा शेवटचा भाग लोक विसरतात, म्हणून सांगतो. आमच्या घरानं तो पाळला आणि फसलोही. माझा थोरला चुलता खिंडीत उभा असताना एक जण गाठ मारून आला, "पोर हाय" म्हणाला. चुलत्यानं वाट सोडली. आत सुराच होता. चुलता इथंच गेला. घरात किती भांडणं झाली तेव्हा! आजी तर म्हणाली, खड्ड्यात घाला तो नेम. पुढच्याच बाजाराला माझे वडील उभे राहिले, आणि पुन्हा एक माणूस तसाच आला. अनोळखी, घामाघूम, हात आत. "पोर हाय," म्हणाला. वडलांनी काय केलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. त्यांनी आपली घोंगडी काढून त्याच्या अंगावर टाकली आणि बाजूला झाले. तो खाली उतरून गेला.

त्याच्या आत पोर होतं की काय, आम्हाला आजही माहीत नाही.