पितळी प्रधानाचा झटपट निकाल

भिवा साळ्याचा माग गेला! चोरानं नेला असता, तर चोराला शिव्या तरी घालता आल्या असत्या. हा नेला दरबारानं, तोही न्याय करून!

झालं असं, की राजे दुर्जयरावांना एका परदेशी कारागिरानं बोलता पितळी प्रधान करून दिला होता. गाऱ्हाणं ऐकायचं आणि तिथल्या तिथं हुकूम सोडायचा! हुशार इतका, की माणूस जरा थांबला रे थांबला, की याचा निकाल तयार. पुरतं ऐकून घेण्यासारखी हलकी कामं तो करत नसे.

भिवाला चार शब्दांमागे आवंढा गिळायची सवय. तो म्हणाला, "माग शेजाऱ्याच्या घरात आहे खरा…" आणि गिळला आवंढा.

"मग शेजाऱ्याचाच! पुढचा!" प्रधान कडाडला.

'पण माझी भिंत बांधून होईस्तोवर ठेवायला दिला होता,' हे भिवाच्या घशातच राहिलं. घरची चूल थंडावली.

दुसऱ्या दिवशी त्याची लेक राही दरबारात आली. "महाराज, माझ्या बापाचं बोलणं संपलं नव्हतं!"

"गप्प बसला म्हणजे संपलं!" राजे गुरकावले. "गप्प बसलेला माणूस अजून बोलतोय, हे सिद्ध कर. नाही जमलं, तर तुमचं घरही शेजाऱ्याला!"

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांना पगार त्याचाच होता.

राही प्रधानापुढं उभी राहिली. "आजपासून हे सिंहासन माझ्या बापाचं झालं…" एवढं बोलून तिनं ओठ मिटले.

"मंजूर! पुढचा!"

दोन भालदार लगबगीनं सिंहासनाकडे गेले. हुकूम तो हुकूम! "सरकार, जरा उठता का?"

"उठता का काय, गाढवांनो! तिचं बोलणं संपलंय कुठं अजून?" राजे ओरडले.

"पण महाराज, मी तर गप्प होते!"

राजांनी जीभ चावली. मग हळूच विचारलं, "बरं बाई, पुढं काय म्हणणार होतीस?"

"झालं, तरी त्यावर बसून त्याला लुगडं थोडंच विणता येणार आहे? त्याला त्याचा मागच हवा!"

राजे पोट धरधरून हसले. माग त्याच दिवशी भिवाच्या घरी पोचला, दरबारची सगळी पागोटी विणायचं कामही त्यालाच मिळालं. राहीला प्रधानाशेजारी मानाची बैठक! तिनं मान हलवल्याशिवाय निकाल नाही.

"मंजू…" प्रधान सुरू झाला. राजांनी स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडात शेला कोंबला!