झुंबरचं घर आणि झुंबरचं ऑफिस

एका तालुक्याच्या गावात एक भोळा कारकून राहत होता. नाव त्याचं झुंबर. बियाण्यांच्या कंपनीत नुकताच चिकटला होता. तिथं नवीच पद्धत आलेली. एक दिवस ऑफिसात यायचं, एक दिवस घरून काम करायचं. त्याची बायको हौसा रोज बजावायची, "मॅडम सांगतील तेच करा. आपलं डोकं चालवू नका."

"मी कधी चालवलंय?" झुंबर म्हणायचा. आणि ते खरंच होतं.

सोमवारी घरून मीटिंग. मागे हौसाचा मिक्सर घरघरत होता. विभावरी मॅडम पडद्यावरून म्हणाल्या, "झुंबर, मीटिंगमध्ये आपला आवाज बंद ठेवायचा."

"बरं मॅडम."

मंगळवारी ऑफिसातल्या मीटिंगमध्ये मॅडमनी विचारलं, "ज्वारीची किती पोती शिल्लक आहेत?" झुंबर नुसते ओठ हलवू लागला. घसा बसला असेल म्हणून मॅडमनी काढा मागवला. तो त्याने मुकाट्याने प्यायला. मग चिठ्ठी लिहून दिली, 'मीटिंग चालू आहे. आवाज बंद आहे.'

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, माणूस समोर आलं की उठावं, या बसा म्हणावं, पाणी द्यावं."

"बरं मॅडम."

बुधवारी घरी लॅपटॉप उघडला. मॅडम दिसताच झुंबर उठून उभा राहिला. बारा जणांना त्याच्या लेंग्याची नाडी दिसली. "या, बसा," म्हणत त्याने तांब्या पुढे केला. तेवढ्यात मॅडमचं चित्र जागच्या जागी थिजलं. भोवळ आली असेल म्हणून झुंबरने तोंडावर पाणी मारलं. लॅपटॉप विझला.

मॅडमचा फोन आला. "समोरचं हलेनासं झालं तर पाणी मारत नाहीत. बंद करून पुन्हा चालू करतात."

"बरं मॅडम."

गुरुवारी ऑफिसात म्हातारे हिशेबनीस नाना खुर्चीत डुलकी घेत होते. हलत नव्हते. झुंबरने त्यांचं नाक दाबलं, दहापर्यंत आकडे मोजले आणि सोडलं. नाना चालू झाले. इतके चालू ते नोकरीत कधी झाले नव्हते.

मॅडम दमून म्हणाल्या, "घरचं सांगावं तर ऑफिसात करता, ऑफिसातलं सांगावं तर घरी. आता घर म्हणजेच ऑफिस समजा, नि ऑफिस म्हणजेच घर. उद्या अध्यक्ष ऑफिसचं नवं दालन बघायला येतायत. चुकलात तर नोकरी गेली."

झुंबरला रात्रभर झोप नाही. या खेपेला चुकायचं नव्हतं.

शुक्रवारी अध्यक्ष आबासाहेब आले. भिंती पाडून केलेल्या ऐसपैस दालनात, लांबलचक टेबलावर पापड वाळत होते. काचेवर लुगडं टाकलं होतं. झुंबरची सासू फिरत्या खुर्चीत गोल गोल फिरत जप करत होती. झुंबर बनियनवर सामोरा आला.

"ऑफिस हेच ना?" आबासाहेबांनी विचारलं.

"नाही, हे घर. चपला बाहेर काढा."

आबासाहेबांनी चपला काढल्या. "मग ऑफिस कुठाय?"

"आमच्या घरी. अध्यक्ष आमच्याकडंच येतायत म्हणून सकाळीच फोन करून मॅडमना नि सगळ्यांना तिकडं बोलावलंय."

"काम करतायत ना?"

"करणारच," झुंबर अभिमानाने म्हणाला. "मधेच कुणी उठून घरी येऊ नये, म्हणून बाहेरून कुलूप घालून आलोय."