शेवाळाखालचे खळगे

"आधी आपण किती होतो?" भुऱ्या सील ज्याला त्याला विचारायचा. मोजलं कुणीच नव्हतं.

ही फार जुनी, बर्फाळ समुद्रातल्या बेटाची गोष्ट. शिकारी जहाजं आली आणि भुऱ्याचा दादा, ताई, सगळं गणगोत कातडी होऊन परदेशी गेलं. कौतुकच म्हणायचं. मागाहून पूर्वी किती सील होते ते मोजायला विद्वान पेंग्विनकाका आले. उरलेले दोघेचौघे ऐसपैस लोळताना पाहून ते खूश झाले.

"दाटी तर नाही. म्हणजे पूर्वीही एवढेच असणार. जहाजांना पुन्हा बोलवायला हरकत नाही."

"काका, खडकातले हे खळगे बघा," भुऱ्या म्हणाला. " झोपून झोपून पोटं घासून पडलेत. एकेकाचा एकेक."

"मला शेवाळ दिसतंय, बाळ. शेवाळ मोजू का?"

भुऱ्या त्यांना चावायलाच धावला. थोरल्यांनी अडवलं, विद्वानाला चावणं बरं दिसत नाही. मग तो एका खळग्यात उतरून पोटाने शेवाळ खरवडू लागला. एक झाला की दुसरा. पोट सोलवटलं, पण संध्याकाळी सगळा किनारा खळग्यांनी चकाकू लागला. काका नाइलाजाने मोजायला बसले.

शेवटी भुऱ्याने दादाचा खळगा घासला. दमून तो तिथेच आडवा होणार होता. पण काका तो खळगा भुऱ्याचाच समजतील, म्हणून बाजूच्या खडबडीत दगडावर सरकून झोपला.